जबड्याचें हाड आणि ओठाची जाणीव

मोडलेला जबडा शस्त्रक्रियेनें सांधला गेला, टांके निघाले, दांतावर दांत पूर्वीसारखा बसूं लागला आणि घरीं परतलेल्या माणसाला आरशांतला चेहराहि आपलासा वाटूं लागला. मग एके सकाळीं चहाचा पेला तोंडाला लावतांना त्याच्या ध्यानांत येतें कीं, खालचा अर्धा ओठ जणू आपला राहिलेलाच नाहीं. ओठ दिसतो, हलतो, बोलण्याला साथ देतो. पण पेल्याची कड त्याला कळत नाहीं. चहाचा थेंब हनुवटीवरून ओघळतो, तो समोर बसलेल्या पत्नीला दिसतो आणि ज्याच्या हनुवटीवरून ओघळतो त्याला मात्र सदऱ्यावर डाग पडेपर्यंत समजत नाहीं. बोटानें चांचपून पाहावें, तर दुसऱ्याच कोणाच्या अंगाला हात लावल्याचा भास होतो. हाड तर जुळलें. मग हें काय झालें, कोणी केलें, आणि जाणीव परत येणार कीं नाहीं, हे तीन प्रश्न त्या घरांत त्या दिवसापासून मुक्काम करतात.

मुंबई-आग्रा महामार्ग ज्या शहरांतून जातो त्या नाशिकसारख्या ठिकाणीं दुचाकीवरून पडून जबडा मोडलेला मनुष्य हा कांहीं विरळा रुग्ण नव्हे. दंतवैद्यक आणि मुखशल्यचिकित्सा शिकणाऱ्या महाराष्ट्रांतील बहुतेक विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारें आरोग्यविज्ञान विद्यापीठहि १९९८ सालापासून याच शहरांत आहे. उपचाराची विद्या अशी दाराशीं असतांनाहि घरीं परतलेल्या रुग्णाच्या मनांत बधिर ओठाविषयीं नाना शंका राहतात. त्याचें एक कारण असें कीं, हाडाचें दुखणें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसतें, आणि जाणिवेचें दुखणें ज्याचें त्यालाच कळतें. तेव्हां या दुखण्याचें स्वरूप मुळापासून समजून घेणें बरें.

मेंदूच्या तळाशीं मज्जातंतूंच्या बारा जोड्या असतात. त्यांपैकीं पांचव्या जोडीकडे चेहऱ्याच्या जाणिवेचें काम आहे. या पांचव्या मज्जातंतूला तीन शाखा फुटतात. एक कपाळाकडे व डोळ्याकडे, दुसरी गालाकडे व वरच्या ओठाकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे. या तिसऱ्या शाखेचा एक फांटा जबड्याच्या मागील उभ्या भागाच्या आंतल्या बाजूस असलेल्या एका छिद्रांतून हाडांत शिरतो. तेथून पुढें त्याचा सारा प्रवास हाडांतील एका अरुंद बोगद्यांतून, दाढांच्या मुळांखालून होतो. वाटेंत तो प्रत्येक दांताला बारीक धागे देतो. उपदाढांच्या मुळांजवळ हाडाच्या बाहेरील बाजूस दुसरें छिद्र आहे. तेथून तो बाहेर पडतो आणि त्याच्या शाखा खालच्या ओठांत व हनुवटीच्या त्वचेंत पसरतात. भिंतींतून नेलेली विजेची तार शेवटीं एखाद्या दिव्यापाशीं बाहेर यावी, तसाच हा प्रकार आहे. भिंतीला तडा गेला तर तारेला धक्का बसण्याचा संभव असतो. आणि तार दुखावली म्हणजे दिवा शाबूत असूनहि अंधार पडतो. ओठाचें नेमकें हेंच होतें. ओठाला कांहींहि झालेलें नसतें. त्याची वार्ता मेंदूकडे नेणारी वाट मध्येंच बंद पडलेली असते.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. ओठ हलविण्याचें काम या मज्जातंतूचें नव्हे. तें काम सातव्या जोडीचें आहे, आणि तिचा मार्ग हाडांतून नसून गालाच्या मांसल भागांतून जातो. म्हणूनच बधिर झालेला ओठ वांकडा होत नाहीं, शीळ घालतां येते आणि बोलणेंहि फारसें बिघडत नाहीं. याच्या उलट, ओठ एका बाजूला ओढला जाऊं लागला तर ती तक्रार वेगळी आहे, आणि ती लगेच शस्त्रवैद्याच्या कानांवर घातली पाहिजे. बधिर ओठ सुजून जाड झाल्यासारखा वाटतो, हाहि एक भासच असतो. दांत काढण्यापूर्वीं दंतवैद्यानें सुई टोंचल्यावर हाच अनुभव घटकाभर सर्वांना येतो. एखाद्या भागाची वार्ता येईनाशी झाली कीं मेंदू त्या भागाचें आकारमान आपल्या अंदाजानें ठरवितो आणि तें वाढवून सांगतो.

जबडा कोठेंहि मोडला तरी ओठ बधिर होतोच असें नाहीं. हनुवटीच्या अगदीं मध्यावर पडलेली भेग किंवा कानाजवळच्या सांध्याचा मोड हा या बोगद्याच्या वाटेवर येत नाहीं. परंतु दाढांच्या भागांत किंवा अक्कलदाढेमागच्या कोपऱ्यांत हाड दुभंगलें तर भेग बोगद्याला आडवी छेदून जाते. हाडाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकले कीं आंतला तंतु ताणला जातो, चेंगरला जातो, कधीं तुटतोहि. ही झाली अपघाताची इजा. त्यानंतर शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. तुकडे जागेवर आणतांना, मांस बाजूला ओढून धरतांना, अथवा पट्टीचे खिळे बसवितांना तंतूला पुन्हां ताण पडूं शकतो. त्यांतून उपदाढांजवळचें तें बाहेरचें छिद्र शस्त्रवैद्याच्या कामाच्या जागेंतच येत असल्यामुळें तेथें फार जपून वागावें लागतें.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वींच ओठाची जाणीव तपासून ती कागदावर नोंदवून ठेवणें हें फार महत्त्वाचें आहे. बधिरपणा अपघातानेंच आलेला होता कीं मागाहून आला, या प्रश्नाचें उत्तर पुढें केवळ या नोंदीवरून मिळतें. ती नसेल तर रुग्णाच्या मनांत वैद्याविषयीं संशय राहतो आणि वैद्याजवळ त्याचें निरसन करण्याचें साधन राहत नाहीं. अपघाताच्या धांदलींत, तोंडांतून रक्त वाहत असतांना, ओठाला कापूस लावून पाहण्याचें कोणाला सुचणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या तपासणीला दोन मिनिटेंहि लागत नाहींत, आणि घरच्या माणसानेंहि तिची आठवण करून द्यावयास हरकत नाहीं.

जबड्याचें हाड सांधण्याची विद्या फार जुनी आहे. निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून त्यावर पंचांगी नांवाचा बंध बांधावा असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. ग्रीक वैद्यकांत हिप्पोक्रेटिसच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत, मोडलेल्या ठिकाणचे दांत सोन्याच्या तारेनें एकमेकांस बांधावे असा उपाय दिलेला आहे. विसाव्या शतकांतहि बराच काळपर्यंत वरचे व खालचे दांत तारेनें जखडून रुग्णाला चार ते सहा आठवडे पातळ अन्नावर ठेवण्याचीच चाल होती. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें मिशले आणि पुढें शांपी या शस्त्रवैद्यांनीं लहान धातूच्या पट्ट्या हाडावर कोठें बसवाव्या, म्हणजे चावण्याचा ताण त्यांना पेलतां येईल, हें शोधून काढलें. आज बसविल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या ही त्याच कामाची फलश्रुति होय. या पट्ट्यांमुळें रुग्णाचें तोंड आठवडेच्या आठवडे बांधून ठेवण्याची गरज पुष्कळ अंशीं संपली. पण त्यांचा आणखी एक उपकार आहे. तुकडे अचूक जुळले म्हणजे हाडाबरोबर हाडांतला बोगदाहि जुळतो; आणि तंतूच्या दृष्टीनें बोगदा जुळणें म्हणजे काय, हें पुढें दिसेलच.

तंतूला झालेली इजा सारख्याच प्रकारची नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ऑक्सफर्ड येथें जखमी सैनिकांवर उपचार करणारे शस्त्रवैद्य हर्बर्ट सेडन यांनीं १९४३ सालीं तिचे तीन प्रकार पाडले, आणि ही विभागणी अजूनहि वैद्यांच्या उपयोगीं पडते. मज्जातंतु म्हणजे एकच धागा नव्हे. तो हजारों सूक्ष्म तंतूंचा जुडगा असून प्रत्येक सूक्ष्म तंतूला स्वतःचें वेष्टन असतें. पहिल्या प्रकारांत तंतु शाबूत असतात, केवळ दाबानें किंवा ताणानें वेष्टन दुखावून त्यांचें काम थांबतें. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात त्याच जातीची, पण अधिक टिकाऊ अशी ही अवस्था आहे; कांहीं दिवसांत, फार तर थोड्या आठवड्यांत, ती आपोआप निवळते. दुसऱ्या प्रकारांत आंतले सूक्ष्म तंतु तुटतात, पण ज्या नळ्यांतून ते जात असतात त्या नळ्या राहतात. तिसऱ्यांत सारा जुडगाच तुटतो, नळ्याहि तुटतात आणि दोन टोंकें एकमेकांपासून दूर होतात. पहिल्यांत वाट पाहावी, दुसऱ्यांत धीर धरावा आणि तिसऱ्यांत शस्त्राचा विचार करावा, असें थोडक्यांत म्हणतां येईल. अडचण एवढीच कीं, बाहेरून पाहतां पहिल्या दिवशीं तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. ओठ तिन्हींत बधिरच असतो. त्यांना ओळखण्याचें मुख्य साधन काळ हेंच आहे, आणि म्हणून ठराविक काळानें तपासणी करणें हा उपचाराचाच एक भाग आहे.

तुटलेल्या तंतूचें पुढें काय होतें, हें प्रथम पाहिलें तें बेडकाच्या जिभेवर. ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें १८५० सालीं बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतु कापून, कापलेल्या जागेपलीकडचा भाग दिवसागणिक कसा मोडत जातो, तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून नोंदलें. मेंदूशीं जोडलेला अलीकडचा भाग जिवंत राहतो. पलीकडचा, पोषणापासून तुटलेला भाग विरून जातो. हें ऐकावयास अशुभ वाटतें, पण पुनर्जन्माची तयारी तेथेंच सुरू होते. विरलेल्या तंतूचे अवशेष साफ केले जातात, नळी मोकळी होते, तिच्या कडेच्या पेशी एका ओळींत उभ्या राहतात आणि अलीकडच्या जिवंत टोंकांतून नवे अंकुर निघून त्या नळींतून पुढें सरकूं लागतात. त्यांची चाल फार मंद असते. दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक इंच, हा ढोबळ हिशेब.

आतां जबड्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंतचें अंतर पाहा. तें सहा-सात सेंटिमीटर धरलें तर केवळ चालण्यालाच साठ-सत्तर दिवस हवेत. त्यापूर्वीं साफसफाईचे कांहीं आठवडे, आणि ओठापर्यंत पोंचल्यावर अंकुरांना जाड होऊन कामाला लागावयास आणखी कांहीं काळ. म्हणजे सहा आठवड्यांत हाड जुळलेलें असतांना ओठाच्या वाटेवरचा तंतु अजून अर्ध्या रस्त्यावरच असतो. हाडाचा वैद्य बरें झालें म्हणून सांगतो आणि रुग्णाला तर कांहींच बरें वाटत नाहीं; या दोघांच्या बोलण्यांत खोटेपणा नाहीं, दोघे निरनिराळ्या घड्याळांकडे पाहत असतात एवढेंच. तीन-चार महिन्यांनीं सुरू होऊन वर्ष-दीड वर्षापर्यंत सुधारणा चालूं राहणें ही या दुखण्यांतली नित्याची गोष्ट आहे.

आणि येथेंच त्या बोगद्याचें महत्त्व दिसून येतें. मोकळ्या मांसांत तुटलेल्या मज्जातंतूचे अंकुर वाट चुकतात. इकडे तिकडे वाढून त्यांची गांठ बनते, आणि ती गांठ पुढें दुखत राहते. जिभेला जाणीव देणारा तंतु जबड्याच्या आंतल्या बाजूस मऊ भागांतून जातो. तो तुटला म्हणजे त्याची सुधारणा तितकी भरंवशाची नसते, त्याचें एक कारण हेंच. परंतु ओठाचा तंतु हाडाच्या नळींत आहे. ज्या हाडानें मोडतांना त्याला चेंगरलें, तेंच हाड नीट बसविलें गेल्यास त्याच्या अंकुरांना परतीचा रस्ता दाखवितें. जबड्याचे तुकडे अचूक बसविणें म्हणजे केवळ चावण्याची सोय नव्हे. ओठाला जाग येण्याची वाटहि त्या कामांतच मोकळी होत असते.

ही जाग येते कशी, हें जाणून घेतल्यास पुष्कळसें भय नाहींसें होतें. १९०३ सालीं हेन्री हेड या इंग्रज वैद्यानें स्वतःच्या डाव्या हातावरील जाणिवेचा एक तंतु मुद्दाम कापून पुन्हां शिवून घेतला; कारण रुग्णांच्या सांगण्यावर विसंबून त्याचें समाधान होईना. त्याचे स्नेही डॉ. रिव्हर्स यांनीं, म्हणजे निलगिरीवरील तोडा लोकांवर ग्रंथ लिहिणाऱ्या त्याच विद्वानानें, चार वर्षांहून अधिक काळ केंब्रिज येथें हेडच्या त्या हाताची वरचेवर परीक्षा घेतली. हेड डोळे मिटून बसे. रिव्हर्स कापूस, सुई, गरम व थंड पाण्याच्या नळ्या लावून उत्तरें टिपून घेत. १९०८ सालीं हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांत आढळलें असें कीं, जाणीव एकदम परत येत नाहीं. प्रथम येते ती ओबडधोबड जाणीव. सुई टोंचली तर नको इतकें दुखतें, पण कोठें टोंचली तें सांगतां येत नाहीं. हलका स्पर्श, नेमकी जागा आणि दोन टोंकांतला भेद हीं पुष्कळ उशिरां येतात. यावरून त्यांनीं बांधलेला सिद्धान्त पुढच्या शास्त्रज्ञांनीं जसाच्या तसा मान्य केला नाहीं. परंतु जाड जाणीव आधीं आणि नाजूक जाणीव मागाहून, हा क्रम ओठाच्या रुग्णांतहि बहुधा दिसतो.

तेव्हां काहीं महिन्यांनीं हनुवटीवर मुंग्या येऊं लागल्या, वीज चमकून गेल्यासारखें झालें, दाढी करतांना कोठें तरी विचित्र खाज सुटली, तर रुग्ण घाबरून जातो. वस्तुतः तो बहुधा शुभ संकेत असतो. १९१५ सालीं, पहिलें महायुद्ध चालूं असतांना, फ्रान्समध्यें टिनेल आणि जर्मनीमध्यें हॉफमन या दोघा वैद्यांनीं, परस्परांच्या शत्रुपक्षांत राहून, स्वतंत्रपणें एकच खूण नोंदली. दुखावलेल्या तंतूच्या मार्गावर बोटानें हळूच टिचकी मारली असतां ज्या जागीं मुंग्या येतात, तेथपर्यंत नवे अंकुर पोंचलेले असतात. आणि ही जागा महिन्यागणिक पुढें सरकत असेल तर तंतु वाढत आहे असें समजावें. ओठाच्या बाबतींत तंतु हाडांत झांकलेला असल्यामुळें ही खूण बाहेरच्या छिद्राजवळच पाहतां येते, तरी तिचा अर्थ तोच.

तंतु ओठापर्यंत पोंचला म्हणजे सारें झालें असें मात्र नाहीं. आलेली वार्ता मेंदूला ओळखावी लागते. हें समजण्यासाठीं नाशिकच्या नांवांतच दडलेल्या एका अवयवाकडे वळावें लागेल. पंचवटींत लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका छेदली म्हणून या गांवाला नासिक म्हणूं लागले, अशी लोककथा आहे. त्या कथेंतल्या नाकाचें पुढें कांहीं झालें नाहीं. पण इतिहासांतलें एक कापलेलें नाक महाराष्ट्रांतच पुन्हां बसविलें गेलें. इंग्रजांच्या फौजेंत बैल हांकणारा कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें सुमारे वर्षानें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातींतील एका कुशल माणसानें त्याच्या कपाळाची कातडी, भिंवयांच्या मध्यें एक पट्टी जोडलेली ठेवून, सोडविली, खालीं वळविली आणि तिचें नवें नाक घडविलें. मुंबई इलाख्याच्या दोघा इंग्रज शस्त्रवैद्यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या एका मासिकांत तें चित्रासह छापून आलें. त्यावरून १८१४ सालीं कार्प्यू या शस्त्रवैद्यानें लंडनमध्यें ती क्रिया केली, आणि युरोपांत कपाळाच्या कातडीचीं नाकें होऊं लागलीं.

अशा रुग्णांविषयीं योहानेस म्यूलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक मोठी मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. जोडपट्टी कापलेली नाहीं तोंवर नव्या नाकाला कोणी बोट लावलें, तर रुग्णाला तें बोट कपाळावर लागल्यासारखें वाटतें. कातडी जागा सोडून आली, तरी तिचा तंतु मेंदूच्या ज्या जागीं वार्ता पोंचवितो ती जागा कपाळाचीच राहते. मेंदूंत देहाचा एक नकाशा आहे, आणि स्पर्श कोठें झाला हें तोच सांगतो. कॅनडांतील शस्त्रवैद्य पेनफील्ड यांनीं १९३७ सालीं, जाग्या रुग्णांच्या मेंदूवर विजेची सूक्ष्म टोंचणी देऊन मिळविलेली माहिती प्रसिद्ध केली, तेव्हां या नकाशांत हातांनीं व ओठांनीं केवढी मोठी जागा व्यापली आहे तें दिसून आलें. पाठीवर दोन टोंकें कित्येक सेंटिमीटर दूर असल्याखेरीज दोन म्हणून कळत नाहींत. ओठावर चार-पांच मिलिमीटरांचा भेद पुरतो. म्हणूनच पाठीवरचा तळहाताएवढा भाग बधिर झाला तरी दिवस जातात, आणि ओठाचा रुपयाएवढा तुकडा बधिर झाला तर मनुष्य बेचैन होतो.

नवे अंकुर ओठापर्यंत येतात तेव्हां ते नेमके जुन्याच जागीं पोंचतील असें नाहीं. कोपऱ्याचा तंतु मध्याला जातो, मध्याचा हनुवटीला. मेंदूजवळचा नकाशा जुना आणि तारांची जोडणी नवी, असा घोटाळा कांहीं काळ चालतो. पण मेंदू शिकूं शकतो, आणि त्याला शिकवितां येतें. आरशासमोर बसून मऊ कुंचला ओठाच्या चांगल्या बाजूवरून फिरवावा, मग तसाच बधिर बाजूवरून फिरवावा. प्रथम डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. कुंचला डावीकडे गेला कीं उजवीकडे, वर गेला कीं खालीं, हें मनाशीं ठरवावें आणि मग पाहून घ्यावें. दिवसांतून दोन-तीन वेळां, पांच-पांच मिनिटें. जबडा कापून पुढें-मागें सरकविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर असा सराव केलेल्या रुग्णांना उरलेल्या बधिरपणाचा जाच कमी वाटतो, असें संशोधनांत आढळलें आहे. सरावानें तंतु लवकर वाढतो असें नव्हे. आलेल्या तंतूचा मेंदूला अधिक चांगला उपयोग करतां येतो.

दरम्यान ओठाचें रक्षण घरच्यांनींच करावयाचें असतें. बधिर ओठ भाजला तरी सांगत नाहीं. म्हणून चहा, दूध, आमटी प्रथम बोटानें किंवा ओठाच्या चांगल्या बाजूनें पारखून घ्यावी. जेवतांना ओठ दांताखालीं सांपडतो आणि रक्त दिसल्यावरच कळतें. तेव्हां घास लहान घ्यावा, सावकाश चावावें आणि जेवणानंतर आरशांत ओठाची आंतली बाजू पाहावी. दाढी करतांना वस्तऱ्याला स्पर्शाच्या नव्हे, तर डोळ्यांच्या धोरणानें चालवावें. जेवतांना हनुवटीला भात लागला तर घरच्यांनीं नुसती खूण करावी. चारचौघांत बोलून दाखवूं नये. असा मनुष्य पंगतीला बसण्याचें टाळूं लागतो, बोलतांना तोंडावर हात धरूं लागतो. आणि हें दुःख किरकोळ आहे असें समजणाऱ्यांना त्याचें वजन कळत नाहीं.

एक साधी वही ठेवावी. आठवड्यांतून एकदां रुग्णानें डोळे मिटावे आणि घरच्या माणसानें कापसाचा बोळा, मऊ कुंचला व बोथट काडी ओठावर व हनुवटीवर ठिकठिकाणीं लावून पाहावी. जेथून जाणीव सुरू होते ती सीमा कागदावर काढलेल्या चेहऱ्यावर आंखावी आणि तारीख घालावी. रोज पाहणाऱ्याला झाड वाढलेलें दिसत नाहीं. वहींतल्या दोन महिन्यांपूर्वींच्या रेघेशीं आजची रेघ ताडून पाहिली म्हणजे वाढ दिसते. वैद्यालाहि रुग्णाच्या तोंडच्या वर्णनापेक्षां या रेघा अधिक उपयोगी पडतात.

औषधांविषयींहि दोन शब्द आवश्यक आहेत. ब१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या अशा वेळीं बहुधा दिल्या जातात. शरीरांत तें कमी असेल तर ती उणीव भरून काढणें इष्टच. परंतु तुटलेलीं टोंकें गोळ्यांनीं जुळत नाहींत, आणि महागड्या गोळीनें तंतूची चाल दुप्पट होत नाहीं. मधुमेह आटोक्यांत ठेवणें आणि तंबाखू व विडी-सिगारेट सोडणें, यांचा हाडाला व जखमेला होणारा फायदा त्याहून निश्चित आहे. तरुण माणसांत सुधारणा अधिक चांगली होते. वय झालेल्यांत ती मंद आणि अपुरी असते.

मात्र धीर धरणें म्हणजे स्वस्थ बसणें नव्हे. तीन महिने उलटले आणि ओठ पहिल्या दिवसाइतकाच पूर्णपणें बधिर असला, सीमारेषा तसूभरहि हलली नाहीं, तर मुखशल्यचिकित्सकाकडे पुन्हां गेलें पाहिजे. तंतु तुटला असल्यास किंवा खिळ्याखालीं वा हाडाच्या कपरीखालीं दाबला गेला असल्यास, तो मोकळा करतां येतो. सूक्ष्मदर्शकाखालीं केसाहून बारीक धाग्यानें शिवतां येतो. मधला भाग गेला असेल तर पायाच्या पोटरीमागील अथवा कानामागील एखाद्या कमी महत्त्वाच्या तंतूचा तुकडा घेऊन जोडतां येतो. परंतु असा निर्णय लांबला तर रिकाम्या नळ्या आक्रसून जातात आणि यशाची आशा कमी होते. म्हणून वर्ष लोटण्यापूर्वींच त्याचा विचार व्हावा. जळजळ, विजेसारख्या असह्य कळा, किंवा नुसता वारा लागला तरी दुखणें, हीं लक्षणें असल्यास तीन महिन्यांचीहि वाट पाहूं नये. पू येणें, सूज वाढणें, दांतांची बसण बिघडणें, यांसाठीं तर त्याच दिवशीं जावें. आणि मार लागलेला नसतांना, दांतावर उपचारहि झालेला नसतांना खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, तर ती गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. कधीं कधीं ती हाडांत वाढणाऱ्या गंभीर रोगाची पहिली सूचना असते.

सर्वांनाच पूर्वीचा ओठ परत मिळतो असें सांगणें सत्याला धरून होणार नाहीं. बहुतेकांना पुष्कळशी जाणीव परत येते; कांहींच्या ओठावर एक लहानसा मंद भाग कायम राहतो; थोड्यांच्या नशिबीं बधिरपणा किंवा वेदना उरते. हें शस्त्रक्रियेपूर्वींच सांगितलें गेलें, तर रुग्ण फसविला गेल्याची भावना घेऊन घरीं जात नाहीं. जो मंद भाग कायम राहतो, त्याच्याशींहि मनुष्य दोन-तीन वर्षांत जुळवून घेतो आणि दिवसाचे दिवस त्याची आठवण त्याला होत नाहीं. पण ही तडजोड सुधारणा थांबल्यानंतरची आहे. त्यापूर्वींच्या महिन्यांत चहा कोमट प्यावा, आठवड्याची रेघ वहींत आंखावी आणि तिसऱ्या महिन्यांत ती वही घेऊन वैद्याकडे जावें. हनुवटीवर ओघळलेला थेंब समोरच्या माणसानें सांगण्यापूर्वीं एखाद्या सकाळीं स्वतःला कळला, तर त्या दिवसाची तारीखहि त्याच वहींत लिहून ठेवावी.